तिसावा दिवस

तात्यांनी पाय पोटाशी घेतले. नातवंडं सरकून जवळ बसली, तेव्हा म्हणाले, ही गोष्ट ऐकीव नाही बरं. दवाखान्यात माझ्याबरोबर नोकरीला असलेल्या लंबूच्या बाबतीत घडलेली आहे.

पाच नोव्हेंबर, मंगळवार. रात्रीचे पावणेनऊ. लंबू वॉर्डबॉय रक्ताचे नमुने लॅबमध्ये देऊन परत येत होता. दारात टेलरकाका, त्यांना धरून त्यांची मुलगी. महिन्यापूर्वीच काका बरे होऊन घरी गेले होते. आता पुन्हा धाप.

घरी सोडलेला पेशंट तीस दिवसांत परत भरती झाला, की वॉर्डवर ठपका. मोठे साहेब तर नांदायला पाठवलेली लेक माघारी आल्यासारखं तोंड करायचे. सिस्टरनं काकांचा घरी सोडल्याचा कागद पाहिला. आज तिसावा दिवस. तिनं नाडी बघितली, त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि लंबूला हळूच सांगितलं, की बारानंतर आत घे, तीन तासांचा तर प्रश्न आहे.

मुलीचं तान्हं बाळ शेजारणीकडे होतं. तिचा अर्धा जीव तिकडे, अर्धा इकडे.

"ताई, तुम्ही बाळाला पाजून या. मी आहे ना," लंबू म्हणाला.

ती गेली.

व्हरांड्यात दोघंच उरले. काकांची मान खाली.

"बारा वाजले का रे?"

"नऊ वाजून दहा, काका."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग दहाला. साडेदहाला. अकराला. लंबू त्यांच्याकडे न बघताच सांगत राहिला. आधी त्याचे पाय बधिर झाले, मग डोकंही. कशाचंच काही वाटेना.

"बारा वाजले का रे?"

"वाजले. चला."

आत सिस्टरनं काकांचं मनगट धरलं. सोडलं. परत धरलं. डॉक्टर आले. अंग गार. जबडा ताठलेला.

"यांना जाऊन तीन तास तरी झालेत."



"मग वेळ कोण विचारत होतं, तात्या?" धाकट्या नातीनं विचारलं.

तात्या पुढचं सांगू लागले.

तेवढ्यात काकांची मुलगी परत आली, धापा टाकत. "घेतलं ना बाबांना आत?"



सिस्टरनं तोंड फिरवलं. समोर कोपऱ्यातली खाट. संध्याकाळपासून रिकामी. तिनंच काकांसाठी अंथरलेली.

उशीला डोक्याएवढा खळगा पडला होता.

तिनं हात ठेवला.

उशी गरम होती.