निरोगी नमुना

मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत डॉ. मृदुला सबनीसने कधी आवाज चढवला नव्हता. त्या सकाळीही चढवला नाही.

"चाळीस पेशंटांच्या दंडात आपली त्वचाकुपी आहे, इरफान. मग कोष्टीबाईंच्याच वेळी ती गप्प का बसली?"

जीव द्यायला निघालेल्या कोष्टीबाई आता वॉर्डात सुखरूप होत्या, पण ते श्रेय वेळेवर पोचलेल्या बहिणीचं. खरं तर ते काम त्वचेखाली बसवलेल्या त्या औषधाच्या कुपीचं होतं. मन खचण्याआधीच रक्तातली काही द्रव्यं वाढतात. ती निरोगी माणसाच्या पातळीपलीकडे गेली, की कुपीने लिथियमचा क्षार आपणहून सोडायचा.

"कुपी बिघडलेली नाही, मॅडम," डॉ. इरफान मुजावर म्हणाला. तो तिचा सहा वर्षांपासूनचा सहकारी. "इतरांची पातळी एकदम उसळते. बाईंचं दुःख जुनं, मुरलेलं. कुपीच्या हिशेबी त्या निरोगीच होत्या."

"निरोगी म्हणजे कुणासारख्या?"

इरफानने मान खाली घातली. निरोगी नमुना म्हणून आपलंच रक्त द्यायचं, ही प्रयोगशाळेची रीत. सहा जणांनी दिलं होतं. पाचांचे आकडे वरखाली होत होते; एकीची रेषा वर्षभर जागची हलली नाही. शास्त्रज्ञांना सरळ रेषेचं भारी वेड. त्यांनी तीच प्रमाण धरली.

"ते रक्त माझं आहे," मृदुला म्हणाली. "म्हणजे माझंही दुःख मुरलेलंच, आणि त्यालाच आपण निरोगी धरलं."

श्रीरंग जाऊन अकरा वर्षं झाली होती. धाकटा भाऊ. उन्माद आणि औदासीन्य यांच्या हेलकाव्यांत तो गेला. तेव्हा कुपी नव्हती. ती बनवायचीच म्हणून मृदुला उभी राहिली. लोक तिला खंबीर म्हणत, आणि तिलाही ते खरं वाटे.

त्याच दिवशी बाकी पाचांच्या रक्तावरून प्रमाण बदललं. नव्या प्रमाणाने दोघींच्या नावापुढे धोक्याची खूण आली: कोष्टीबाई आणि मृदुला.

"मी कुपी घेणार नाही," ती म्हणाली. "श्रीरंगची ओढ तेवढी उरलीय माझ्याकडे. तीही गेली तर?"

"औषधाने माणसं विसरत नाहीत, मॅडम. पेशंटांना हे तुम्हीच सांगता."

तिने दंड पुढे केला.

पाचव्या आठवड्यात ती कणीक मळत होती आणि श्रीरंग आठवला. पोळी फुगली नाही की "तायडे, ही तुझ्यावर गेली" म्हणून खिदळणारा. तिचे पिठाचे हात तसेच राहिले. अकरा वर्षं तिला त्याचा फक्त शेवटचा दिवस दिसत होता. त्यालाच ती ओढ समजत होती. हसणारा श्रीरंग आज पहिल्यांदा आठवला, आणि तो इथे हवा होता, आत्ता, या ओट्यापाशी. ती रडली, पोटभर रडली. मग तिने कोष्टीबाईंना फोन लावला आणि विचारलं, "तुम्हाला कोण आठवतंय हल्ली?"