चंदनच्या नावाची मूठ

श्रावणात कानबाई देवी बसायच्या आधी आमच्या घरी गहू मोजतात, आणि दरवर्षी त्या मोजणीला माझं डोकं फिरतं. गहू निवडणार मी, चाळणार मी, उन्हात घालून वाळवणार मी, आणि मोजायला मात्र सासूबाई! त्यांचं नाव धुरपदाबाई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, मीही म्हणते. अक्का सूप घेऊन बसतात, घरातल्या एकेका माणसाचं नाव घेतात आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत टाकतात. त्याच गव्हाचे रोट होतात. ते घरच्यांनीच खायचे. सासरी गेलेल्या लेकीलाही तुकडा मिळत नाही, तिथे शेजारपाजारच्यांची काय कथा. हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात ओतायचं. आणि ज्याच्या नावाची मूठ पडली, त्याने पीठ संपेपर्यंत घर सोडून परगावी जायचं नाही. पौर्णिमेच्या आत पीठ संपवायचं, मग माणूस मोकळा.

"आणि मूठ टाकली, पण माणूस आलाच नाही तर?" नवी नवरी असताना मी विचारलं होतं.

"येस ना," अक्का म्हणाल्या होत्या. "मूठ पडनी म्हणजे तो येसच."

मी राहते जळगावला, मेहरूणमध्ये. एका लॅबमध्ये दिवसभर लोकांची रक्तं तपासते. काचपट्टीवर जे दिसतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा माझा स्वभाव. श्रावणात भडगावच्या घरी येते ती देवीसाठी नाही, नवऱ्याशी भांडण नको म्हणून.

त्यात आता कानबाईसुद्धा मोबाइलवर आली आहे. आमच्या भाऊबंदांचा ग्रुप आहे. सुरतेचे, पुण्याचे, नाशिकचे सगळे त्यावर आरती बघतात, हात जोडल्याची चित्रं पाठवतात आणि पुण्य पदरात पाडून घेतात. समोरच्या कुंदाबाईंकडे तर चौरंगाशेजारीच दक्षिणेचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. मला हे आवडायचं, खोटं कशाला बोलू? जितकी माणसं मोबाइलवर, तितकी माझी भांडी कमी.

माझा धाकटा दीर चंदन जर्मनीत नोकरीला आहे. त्याची बायको ऋतिका धुळ्याची, मुलगी भाविका तीन वर्षांची, तिकडेच जन्मलेली. गेल्यापासून चंदन एकदाही आला नव्हता. त्यामुळे त्याची मूठ पडत नव्हती. दरवर्षी त्याच्या नावाशी येऊन अक्कांचा हात सुपात तसाच थांबायचा, आणि मग त्या पुढचं नाव घ्यायच्या. नातीला तर त्यांनी कधी मांडीवरही घेतलेलं नव्हतं. त्या वेळी अक्कांच्या तोंडाकडे बघवत नसे.

या वर्षी मोजणीच्या वेळी चंदनचा व्हिडिओ कॉल चालू होता.

"अक्का, टाक ना मन्ही मूठ," तो म्हणाला. "पहिल्या आरतीपासून आठेच, मोबाइलम्होरे बसस. मीबी रोट करस, तुमना संगे खास."

"तू आठे घरमा नही ना भाऊ," अक्का म्हणाल्या. "दिसस, पन नही."

मला राहवलं नाही. "अक्का, नारळाला काजळाचे डोळे काढता आणि त्याला आई म्हणता. तिला त्या डोळ्यांनी दिसतं, मग मोबाइलमधलं दिसायला काय तिला मोतीबिंदू झालाय?"

माझा नवरा कुंदन खदखदून हसला. तिकडे चंदनही हसला. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी सुपात हात घातला, मोबाइलकडे टक लावून पाहिलं, आणि म्हणाल्या, "चंदन."

गहू टोपलीत पडले.

रविवारी कानबाई बसली. केळीचे खांब, हिरवं लुगडं, नारळाला नथ. अक्कांचा मोबाइल आम्ही देवघरातल्या भिंतीपाशी एका पाटावर तांब्याला टेकवून उभा केला. पंगतीत त्याच्यासमोर ताटही मांडलं: रोट, खीर, गंगाफळाची भाजी. पडद्यावर चंदन टेबलाशी बसलेला, त्याच्या पाठीमागे मोठी खिडकी, खिडकीत समोरच्या घराचं लाल छप्पर. त्याने आपला वेडावाकडा रोट उचलून सगळ्यांना दाखवला.

धूप पेटला आणि तो खोकायला लागला.

"वहिनी, केवढा धूर केलाय! डोळे चुरचुरायला लागले."

"नाटकी," कुंदन म्हणाला, आणि सगळी पंगत हसली. चंदनच्या डोळ्यांतून मात्र पाणी गळत होतं.

मग बायकांच्या फुगड्या. शेजारच्या पुष्पाबाईंनी उधळलेला गुलाल थेट मोबाइलवर पडला. मी पदराने काच पुसली. काच स्वच्छ झाली. चंदनच्या कपाळावरचा गुलाल तसाच राहिला. ऋतिकाने लावला असेल, म्हटलं. सण आहे, लावेल की. ताटं उचलताना त्याच्यासमोरचं ताट चाटूनपुसून साफ दिसलं. मांजरीने डाव साधला, असं धरून मी पुढच्या ताटाकडे वळले. कामाच्या रगाड्यात मांजर कुठून आली ते कोण बघतंय?

सोमवारी सकाळी वाजतगाजत गिरणा नदीवर विसर्जनाला जाऊन आलो. येऊन बघते तर कॉल चालूच. चंदन तसाच बसलेला. त्याच्या मागची खिडकी नव्हती. चुन्याची भिंत होती, भिंतीला खुंटी, खुंटीला सूप.

मी मोबाइलच्या मागे पाहिलं. तीच भिंत. तीच खुंटी. तेच सूप.

"वहिनी," तो म्हणाला, "भूक लागली हो."

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऋतिका होती. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"वहिनी, चंदन तुमच्याशी बोलतोय का? काल जेवता जेवता मी भाविकाला आंघोळ घालायला गेले, परत आले तर खुर्ची रिकामी. बूट इथेच, पाकीट इथेच. दाराला आतून कुलूप आहे वहिनी! पोलिसही येऊन गेले. मी काय करू?"

मी तोंड उघडलं. अक्कांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"नही वं माय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आठे नही तो. कालदिनच फोन ठेवा त्यानी." आणि फोन बंद करून माझ्या हातात दिला.

"अक्का! खोटं का बोललात?"

"मन्हा आंडोर, मन्हा पोऱ्या, मन्हा घर शे. त्याम्हा खोटं काय?" त्यांनी पाटासमोर ताट सरकवलं. "तिनी इतला वरीस ठेवा. आते मी ठेवस."

आपल्याच लेकाची बायको तिकडे परमुलखात कडी लावलेल्या घरात रडते आहे, आणि ही बाई रोटावर तूप वाढते आहे! मला किळस आली. मी परसात जाऊन ऋतिकाला व्हिडिओ कॉल लावला, तशीच देवघरात आले आणि माझा मोबाइल अक्कांच्या मोबाइलसमोर धरला.

"बघ. हा बघ तुझा नवरा."

चंदन पुढे झुकला. "ऋतू," तो म्हणाला. "ऋतू, मला बाहेर येता येत नाहीये."

ऋतिकाने मोबाइल डोळ्यांजवळ धरून पाहिलं. मग म्हणाली, "वहिनी, हा नुसता बंद फोन आहे. कडांना गुलाल लागलेला. माझी थट्टा करताय? अशा वेळी?" तिने कॉल तोडला. त्यानंतर तिने माझा एकही फोन उचलला नाही. धीर द्यायला तिला आता एकच माणूस उरलं होतं, अक्का. त्या समोर जाऊन, कुंदाबाईंच्या फोनवरून तिच्याशी रोज गोड गोड बोलायच्या.

मी अक्कांच्या मोबाइलची चार्जिंगची वायर काढली. काही फरक नाही. मी मोबाइलच बंद केला. पडदा काळा झाला.

"वहिनी," काळ्या पडद्यातून आवाज आला, "दिवा का मालवला?"

मी परत चालू केला. दुसरं काय करणार होते?

कुंदनला ओढत आणून दाखवलं. त्याने पाहिलं, ऐकलं, घाम पुसला, आणि म्हणाला, "अडकलेला व्हिडिओ असेल. नेटवर्कचा घोळ." पीठ संपेपर्यंत घर न सोडण्याचा नियम आयुष्यभर पाळलेला हा माणूस त्याच दुपारी दुकानाचं निमित्त करून जळगावला पळाला. नियम मोडल्याचं भय त्याला वाटलं नाही. भावाचं वाटलं. असा माझा शूर नवरा.

मी एकटी उरले, आणि अक्का. आणि तो.

मग माझ्या डोक्यात आलं, नियम तर नियम. पीठ संपलं की माणूस मोकळा. मी, काचपट्टीवर विश्वास ठेवणारी, पीठ संपवायच्या मागे लागले. सकाळी रोट, दुपारी रोट, संध्याकाळी रोट. पोटाला तडस लागली, घास घशाखाली उतरेना, तरी खात राहिले. चंदनचं ताटही रोज रिकामं व्हायचं. कसं ते मला कधी दिसलं नाही. मी पाण्याला उठायची, वळून बघायची तोवर ताट साफ. आणि इतकं खाऊनही त्याचे गाल रोज थोडे थोडे आत चालले होते.

"पुरत नाही हो वहिनी," तो म्हणायचा. "पोटात जातच नाही."

अक्का त्याच्याशी तासन्‌तास बोलायच्या. लहानपणीचं सांगायच्या, केळीच्या बागेत हरवला होता त्याचं. त्या हसायच्या. इतकी वर्षं मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना तो वाळताना दिसत नसेल, असं नाही. एकदा मी तसं म्हटलंसुद्धा.

"दखास मी," त्या म्हणाल्या. "पन डोया म्होरे शे ना."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी डब्यात एकाच रोटाचं पीठ राहिलं. मी ते झटकून, डबा पुसून, शेवटचा कण परातीत घेतला. रोट भाजला आणि त्याच्यासमोर ठेवला. मनातून आनंद झाला होता.

"चंदनभाऊ, हा शेवटचा. खा, आणि घरी जा. भाविका वाट बघतेय."

तो रडायला लागला. "खरंच जाऊ देईल का हो अक्का?"

"तिला विचारतंय कोण? पीठच नाही उरलं."

तो पुढे झुकला. माझ्याकडे बघत राहिला. आणि मला त्याच्या मागची खुंटी दिसली.

खुंटी रिकामी होती.

मी भिंतीकडे पाहिलं. सूप नव्हतं.

स्वयंपाकघरातून गहू पाखडल्याचा आवाज येत होता.

मी धावले. अक्का सूप घेऊन बसल्या होत्या. पुढ्यात टोपली, आणि डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. माझा. मी चुलीपाशी असताना उचललेला, आणि त्यावरून आपणच बोलणार हे ऋतिकाला आधीच सांगून ठेवलेलं. पडद्यावर ऋतिका, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिच्या मांडीवर भाविका.

"हात जोड बाळा," ऋतिका सांगत होती. "अक्का आजी कानबाईला सांगणार आहे. मग बाबा भेटणार आपला."

"हाव माय," अक्का म्हणाल्या. "तुन्हा बाप भेटी तुले."

"ऋतिका, फोन ठेव!" मी ओरडले. "पोरीला घेऊन लांब हो!"

ऋतिकाने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मी अक्कांचं मनगट धरलं. म्हातारीच्या त्या काडीसारख्या मनगटात कुठून एवढी ताकद आली, देव जाणे. मला ते जागचं हलवता आलं नाही.

"अक्का, नको. तुमची नात आहे हो. नको."

"मन्हीच शे," त्या म्हणाल्या. "एकदाबी मांडीवर नही उनी."

भाविकाने छोटे हात जोडले होते. ती पडद्यातून आमच्याकडे बघून हसत होती.

"भाविका," अक्का म्हणाल्या.

मूठ उघडली.

मी मोबाइल उचलला. ऋतिका रिकाम्या मांडीकडे बघत होती. मग सोफ्याखाली वाकली. मग हाका मारत आतल्या खोलीत गेली. आधी हळू, मग मोठ्याने. मला ते ऐकवेना. मी कॉल तोडला.

देवघरात गेले. ताटातला रोट संपला होता. अक्कांच्या मोबाइलच्या काचेवर गुलालाचा एक हात उमटला होता, माझ्या अर्ध्या तळव्याएवढा. मी पदराने पुसला. थुंकी लावून पुसला. मग नखाने खरवडला. काच गार आणि स्वच्छ होती; हात आतल्या बाजूने होता.

अक्का मागून आल्या. मोठ्या ताटाशेजारी त्यांनी एक छोटी ताटली मांडली, आणि कौतुकाने पडद्याकडे बघत खाली बसल्या.

"सारिका, गिरणीवर जाय, पीठ दळी लय आते," त्या मला म्हणाल्या. "आनि तूप आन जराखं. पोरले कोरडं जावाव नही."

मी तूप आणायला उठले.