मधुवंती टॉकीजमधलं रक्तदान

भीमजयंतीच्या आधीच्या रविवारी सकाळी नऊला तनुजाने पिंपरी कॅम्पातल्या मधुवंती टॉकीजमध्ये टेबल मांडलं. ती एका रक्तपेढीत टेक्निशियन होती आणि हे शिबिर तिच्या धाकट्या भावाने, संघर्षने, मंडळातर्फे ठरवलं होतं. टॉकीज सत्तर वर्षांचं. गेली आठ वर्षं एकही खेळ झाला नव्हता. बाहेर एप्रिलचं ऊन भाजून काढत होतं. आत मात्र, पंखे बंद असूनही, माठाला टेकल्यासारखा गारवा होता. संघर्षला जागा पसंत पडली ती त्या गारव्यामुळेच.

झाडलोट करणारी सोजरबाई तेवढी कुरकुरत होती.

"खाटा दाराशी लावा, बाई. बाल्कनीखाली नगं."

"का हो?"

"आपलं सांगितलं."

तनुजाने खाटा दाराशीच लावल्या, पण तिथे उजेड बरा होता म्हणून.

काम नेहमीचंच. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात माणसाच्या बोटातला थेंब सोडायचा. बुडाला तर रक्त चांगलं. तरंगला तर रक्त कमी, त्याला हात जोडून परत पाठवायचं. पहिला थेंब तिने संघर्षचाच घेतला. खड्यासारखा तळाला गेला. "मी सगळ्यात शेवटी देतो, ताई," म्हणत तो कामाला पळाला.

बारापर्यंत तेवीस पिशव्या भरल्या. तळवड्याच्या वर्कशॉपमधली पोरं शिफ्ट संपवून आली होती. आणि मग थेंब तरंगू लागले. आधी एकाचा, मग ओळीने सहा जणांचा. धडधाकट, दंड भरलेली पोरं. तनुजाने पाणी बदललं. नवी बाटली फोडली. शेवटी स्वतःचं बोट टोचून पाहिलं. तिचा थेंब बुडाला.

म्हणजे पाण्यात खोट नव्हती.

तिने समोरच्या तरुणाला विचारलं, "कधीपासून थांबलायस?"

"तास झाला, मॅडम. आत खुर्चीत बसलो होतो. डोळाच लागला."

बाकीच्या सहांनीही तेच सांगितलं. दारातून सरळ टेबलाशी आलेल्यांचं रक्त ठीक होतं. आत बसून राहिलेल्यांचं तरंगत होतं. तिने मंडळाच्या माणसांना सांगून सगळ्यांना बाहेर जयंतीच्या मांडवात बसवलं.

"संघर्ष कुठाय?"

"बॅनर सोडायला बाल्कनीत गेला ना. बराच वेळ झाला."

सोजरबाईने हातातला झाडू खाली ठेवला. "म्या वर येनार न्हाई, बाई," ती म्हणाली. कुणी तिला बोलावलंही नव्हतं.

तनुजा जिना चढली. वर गंजक्या टाकीत डोकावल्यासारखा लोखंडी वास होता. खुर्च्या जुन्या, स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटणाऱ्या. सगळ्या मिटलेल्या होत्या. फक्त मागच्या रांगेतल्या दोन उघड्या होत्या.

एकीवर संघर्ष बसला होता. शेजारची रिकामी होती.

"संघर्ष!"

"बस ना, ताई." तो कोऱ्या पडद्याकडे बघून हसत होता. "छान वाटतंय इथं."

त्याचे ओठ राखेसारखे झाले होते. तिने मनगट धरलं. गार. कुठे जखम नाही, ओरखडा नाही.

शेजारची रिकामी खुर्ची कुरकुरली आणि मिटली.

मग तनुजाच्या बाजूची एक खुर्ची उघडू लागली. सावकाश. जड अंगाचा माणूस टेकतो तशी.

तिने भावाच्या काखेत हात घालून त्याला ओढलं. जिन्यावर दोघं पडली. ती उठली, पुन्हा ओढत राहिली. उन्हात येईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर दोनदा विचारून गेले, "एवढं रक्त गेलं कुठून?" तपासण्यांत काही निघालं नाही. तीन पिशव्या चढवल्यावर संघर्षच्या नखांवर रंग आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोजरबाई केळी घेऊन आली. बसली नाही. पलंगाच्या पायथ्याशी पदर चाचपत उभी राहिली.

"बाई, त्यो तुमचं नाव इचारत व्हता."

कोण, हे तनुजाने विचारलं नाही. "तुम्ही सांगितलंत?"

"न्हाई वो. म्या कशाला सांगू?"

तनुजाने तिच्या हातातली केळी घेतली.

"मी सांगितलं, ताई," संघर्ष म्हणाला. त्याचे डोळे मिटलेलेच होते.