कुठले युन?

कोरियातल्या आंदोंगच्या बाजारात खारवलेल्या बांगड्यांची शेवटची जोडी उरली होती. मी डोक्याकडून धरली, त्यानं शेपटीकडून.

“सोडा ना,” मी म्हणाले.

“सोडतो... पण जेवायला बोलवाल?”

मासेवाली खुदकन हसली. मीही हसले. हवेत कडाक्याचा गारठा, अन् माझे कान मात्र तापलेले!

“मी ग्यु-हो,” तो म्हणाला. “युन ग्यु-हो.”

माझं हसू थांबलं. “मीही युन. युन से-रान. कुठले युन तुम्ही?”

“पाप्योंगचे.”

मी मासा सोडला आणि वळले. एकच आडनाव, एकच मूळगाव, म्हणजे आम्ही एकाच पूर्वजाचे. तो हजार वर्षांपूर्वीचा का असेना! कायद्यानं आमचं लग्न होऊच शकत नव्हतं.

“एकदम लग्नाचाच विचार?” त्यानं मागून हाक मारली. “मी तर जेवणाचं म्हणत होतो!”

त्या जेवणानंच घात केला. वर्षभरात मी घर सोडलं. बाबा कुळातले वडीलधारे. त्यांनी घरात माझं नाव काढायलाही बंदी केली. देगू शहरात एका खोलीत आम्ही संसार मांडला... पण कागदावर आम्ही एकमेकांचे कुणीच नव्हतो.

शहाण्णव साली सरकारनं आमच्यासारख्या जोडप्यांना लग्न नोंदवायची सूट दिली. एका वर्षापुरतीच. बाबांचं मन वळेल म्हणून मी थांबत राहिले — थेट एकतीस डिसेंबरपर्यंत. तेव्हा मला पाचवा महिना लागला होता.

कचेरीत दोन साक्षीदार हवे होते. ग्यु-होचा मित्र आला. माझ्या चुलत बहिणीला सकाळीच फोन केला होता, तर ती रडत म्हणाली, “काकांनी शपथ घातलीय गं...” रांगेतल्या एका बाईंना विनवलं. आमची आडनावं वाचून त्यांनी तोंड फिरवलं.

“आवरा लवकर,” कारकून म्हणाला. “बंद करायची वेळ झाली.”

“ग्यु-हो, आता बाळाचं काय —”

“शू...” त्यानं माझा हात धरला. त्याची बोटं बर्फासारखी गार होती.

तेवढ्यात, बहिणीकडून कळलं असावं, दार ढकलून आई आत आली. धापा टाकत. तिच्यामागे बाबा!

“यात पडू नकोस,” ते गरजले. “युनांच्या अब्रूचा प्रश्न आहे!”

बाबांपुढे कधी आवाज न चढवणाऱ्या माझ्या आईनं बटव्यातून सहीऐवजी चालणारा आपल्या नावाचा शिक्का काढला.

“अहो, तीस वर्षं तुमच्या घरात राबले. पण आपल्या रीतीनं लग्नानंतरही आडनाव माझं ‘चो’च राहिलं ना? मग युनांचे नियम मला कसे लागू?”

आणि साक्षीदाराच्या जागी तिनं शिक्का उमटवला.

 बाबा एकटेच पायऱ्या उतरून गेले. मी आईकडे पाहिलं.

“जाईन मी मागाहून,” ती म्हणाली. “आधी जावयाला नीट बघू तर दे.”

ग्यु-हो नमस्काराला कमरेत वाकला, तो वर येईचना. मी खाली वाकून पाहिलं... वेडा रडत होता.