सुरमईच्या मागची होडी

दिवा राहू दे, स्वानंदी. बाल्कनीत अंधारच बरा. आणि राजस, तू कारवारला मासे धरायला निघालायस म्हणून सांगतो. नंतर "अण्णा, आधी का नाही बोललात" म्हणू नकोस.

गेल्या डिसेंबरची एकोणीस तारीख. शुक्रवार, मार्गशीर्षाची अमावास्या. इथलाच, सर्जापूर रोडवरचा शंतनु रात्री जेवण झाल्यावर लिंबं आणायला खाली उतरला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातली मंडळी जेवायला यायची होती. फ्रीझरमध्ये त्याने स्वतः धरलेल्या सुरमईचे तुकडे होते. हे 'स्वतः' तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवायचा.

थंडीत समुद्र शांत होतो, पाणी मात्र कोमट राहतं आणि मोठा मासा वर येतो. मग आपली संगणकवाली मंडळी रात्रभर गाडी हाकत किनाऱ्यावर जातात, होडी भाड्याने घेतात, दिवसभर उन्हात भाजून घेतात. मासळीबाजार वाटेतच लागतो. पण तिथे शौर्याचा फोटो निघत नाही.

शंतनु लिंबं दाबून बघत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"सर, नागराज. होडीवाला. तो फोटो पाठवा ना, सुरमईचा. मागे गिरिधरची होडी दिसते त्यात."

शंतनुने दुसरं लिंबू उचललं.

झालं होतं असं. आदल्या शनिवारी, किनारा दिसेनासा झाल्यावर, याच्या गळाला सुरमई लागली. त्याच वेळी दूर एक छोटी होडी दिसली. इंजिन बंद. आत एक माणूस उभा, लाल सदरा काढून हलवतोय. नागराजने ओळखलं, गिरिधर. समुद्रावर कोणी कापड हलवलं की हातातलं टाकून जायचं, हे तिथे शिकवावं लागत नाही.

"दोरा तोडा, सर. आधी त्याला घेऊ."

"पाच मिनिटं थांब रे. एवढा मासा पुन्हा लागतो का?"

"सर, वारा चढतोय."

"होडी तुझ्या मालकाची आहे आणि भाडं मी भरलंय. मालकाशी बोलू का?"

नोकर माणूस. थांबला. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. मासा वर आला, शंतनुने छातीशी धरला, फोटो निघाला. तेव्हाही मागे लांबवर तो सदरा हलत होता; नागराज तिकडे वळेपर्यंत वाऱ्याने होडी नेली. नंतर नागराज अंधार पडेपर्यंत होडी फिरवत राहिला. लाल सदरा दिसला नाही.

आणि गिरिधरच्या होडीच्या मालकाने काय करावं? चोरीची तक्रार! पोरगा होडी घेऊन गोव्याला पळाला म्हणे. त्यामुळे शोधायला कोणी जाईना. नागराजचं कोण ऐकतो, तो गिरिधरचा दोस्त. गिरिधरची आई, अंबुबाई, किनाऱ्यावर बसून. येणारे-जाणारे तिला चोराची आई म्हणत.

"तुमच्या फोटोत तो सदरा हलवताना दिसतो, सर. तेवढं दाखवलं की झालं."

"फोटो डिलीट झाला," शंतनु म्हणाला. आणि लिंबं घेतली.

डिलीट कुठला? होडी दिसते तेवढी कड कापून त्याने तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता. साहेबांनी टाळ्या पाठवल्या होत्या. अख्खा फोटो त्याच्या फोनमध्ये होता. घरी येताना त्याने तो उघडून बघितला, आणि बंद केला.

रात्री दोनच्या सुमाराला त्याला जाग आली. हॉलमध्ये आवाज. कर्र... कर्रर्र...

"गळाच्या चाकाचा ब्रेक सैल राहिला असेल, अण्णा."

असेल. आणि दोरा ओढला कोणी रे, राजस? वॉचमनने?

गळाची काठी कोपऱ्यात उभी होती. तिचं चाक फिरत होतं. दोरा सरळ, ताठ, हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून बाहेर. खाली नाही. समोर. काळोखात, पश्चिमेला.

शहाण्या माणसाने दार लावून घेतलं असतं. पण हा पडला मासे धरणारा. चाक फिरलं की हात जातो. त्याने काठी उचलली.

ओढ बसली. एकच. तो रेलिंगवर आपटला.

मैत्रेयी, त्याची बायको, धावत आली. "सोड ते!"

"सुटत नाही..."

"सोड, शंतनु!"

"हात... उघडत नाहीत गं."

काठी वाकली. त्याचे पाय फरशीवरून सुटले. दोरा रेलिंगवर करकरत होता. मैत्रेयीने सुरी आणली, दोऱ्यावर घासली. काही नाही. पुन्हा घासली. सुरीची धार गेली.

मग ओढ थांबली. सैल नाही. नुसती थांबली. कोणीतरी पलीकडे वाट बघत असल्यासारखी...

"फोटो," शंतनु रडत म्हणाला. "माझ्या फोनमध्ये. नागराजला..."

सगळं तिथेच, तसंच लटकत त्याने सांगितलं. मैत्रेयीने फोटो उघडला. बघितला. नवऱ्याकडे बघितलं. आणि, राजस, तिने फोटो पाठवला.

दोरा गळून पडला.

दुसऱ्या दिवशी होड्या शोधायला गेल्या. खडकात अडकलेली, उलटी होडी सापडली. गिरिधर नाही. अंबुबाईला चोराची आई म्हणणारे आता दादा-बाबा करत तिच्या दारी गेले, तिने दार उघडलं नाही. बरं केलं.

मैत्रेयी पुण्याला गेली, कायमची. शंतनु आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला राहतो. त्याला बढती मिळाली. असल्यांना मिळते.

"आणि त्याचा तो फ्लॅट, अण्णा?"

...

मालकाने भाड्याने दिला. आधी रंगारी बोलावला होता. तो लांबी भरून, रंग लावून जातो, आठवड्यात पुन्हा तसंच. आता त्याने नाद सोडला.

उठू नकोस, राजस. बसल्या जागेवरून हात लांब कर. रेलिंगवर. स्वल्प डावीकडे...

लागली खाच? दोऱ्याएवढी बारीक. लोखंडात.

ओलसर आहे ना?

आता ते बोट जिभेला लाव.