वाढली

घाटंजीत यवतमाळ रस्त्याला लागून घनश्यामचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका बाजूला शादाबचं बॅटरीचं दुकान, दुसऱ्या बाजूला बी-बियाण्यांचं. गेल्या चार-पाच वर्षांत नवीन मशीन घेणारी गिऱ्हाइकं कमी झाली आणि जुनंच मशीन धावतं करून मागणारी जास्त झाली. काम तसं सोपं. जुन्या मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते, आत तबकडी आणि तिच्यावर सुई. चालू व्हायला पाच मिनिटं घेते. ती काढायची, तिच्यातलं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर उतरवायचं आणि ती एसएसडी बसवून द्यायची. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तेच मशीन मग बारा सेकंदांत उठून उभं राहतं. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगावं लागत नाही. ते येतं आणि म्हणतं, भाऊ, मशीन वाढवून द्या.

उतरवण्यासाठी घनश्यामकडे दोन खाचांचा एक डबा होता. एका खाचेत भरलेली डिस्क लावायची, दुसऱ्या खाचेत रिकामी, आणि बटण दाबायचं. भरलेलीतलं सगळं रिकामीवर जातं. डब्यावरची इंग्रजी अक्षरं घासून गेली तेव्हा विमलनं, म्हणजे घनश्यामच्या बायकोनं, दोन्ही खाचांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर लिहिलं ‘भरली’, दुसरीवर ‘वाढली’.

‘रिकामी’ हा शब्द ती लिहिणार नव्हती. तिच्या माहेरी पिठाचा डबा संपत नसे, वाढत असे. दिवा विझवत नसत, वाढवत. संध्याकाळी दुकानाला कुलूप लावतानाही ती ‘बंद केलं’ नव्हे, ‘वाढवलं’ म्हणायची. घनश्यामला या गोष्टीचं हसू यायचं.

"गिऱ्हाईक म्हणते मशीन वाढवून दे, अन् तू रिकाम्यावर वाढली लिहतं. एखाद दिवशी घोटाळा होईन."

"तुमचा होईन," ती म्हणाली. "माहा नाही होत."

दुकानाच्या पुढच्या टेबलावर विमल लोकांचे अर्ज टाइप करायची. रेशन कार्डाचे, पीकविम्याचे, वारसा नोंदीचे. लोक त्यांच्या भाषेत सांगायचे, ती सरकारी भाषेत बसवायची. अर्ज झाला की माइक चालू करायची आणि पूर्ण अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायची, कारण अर्ध्या लोकांना वाचता येत नसे आणि नंतर कोणी आमचं म्हणणं असं नव्हतंच म्हणून भांडायला नको. शेवटी विचारायची, "बरोबर आहे ना?" अर्जदार म्हणायचा, हो ताई. तेवढं झालं की माइक बंद. अशी सहाशे बारा रेकॉर्डिंग तिच्या मशीनमध्ये होती.

मागच्या भाद्रपदात तिला ताप आला. यवतमाळला दवाखान्यात सहा दिवस होती, सातव्या दिवशी गेली.

तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोनवर ती हो-नाही एवढंच बोलायची, फोटोत तोंड मिटून उभी राहायची. म्हणून घनश्याम रोज सकाळी दहाला चहा घेताना तिचं मशीन चालू करून एक रेकॉर्डिंग ऐकायचा. कोणाची विहीर खचलेली, कोणाचं नाव चुकलेलं. त्याला त्या विहिरीशी घेणंदेणं नव्हतं. एक रेकॉर्डिंग दीड-दोन मिनिटांचं असे. तेवढ्यावर त्याचा दिवस जायचा.

मे महिन्यात तिच्या मशीनची डिस्क वाजायला लागली. टक, टक, मग थोडं थांबून पुन्हा टक. या आवाजाचा अर्थ घनश्यामइतका कोणाला कळणार? सुई तबकडीला लागत होती. आठ दिवस, फार तर पंधरा. तिच्यातलं सगळं आत्ताच एसएसडीवर उतरवून घ्यायला हवं होतं.

त्याच सकाळी एका शाळेची सहा मशीनं कामाला आली. ही वाढवायची, ती वाढवायची, असं तीन तास चाललं. दुपारी जरा उसंत मिळाल्यावर त्यानं विमलच्या मशीनमधून डिस्क काढली. आता ही वाढवायची, असं तो मनाशी म्हणाला, आणि हातानं ती डिस्क ‘वाढली’च्या खाचेत लावली. कोरी एसएसडी दुसऱ्या खाचेत. बटण दाबलं.

डब्यावर चार दिवे असतात. एकेक लागत जातो. चौथा लागला तेव्हा घनश्यामची नजर चिठ्ठ्यांवर गेली.

कोरी डिस्क भरलेलीवर उतरली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

शादाब चहा घेऊन आला तेव्हा घनश्याम स्टुलावर बसला होता. शादाबनं काय झालं म्हणून विचारलं.

"आज मी विमलले पुसून टाकलं," घनश्याम म्हणाला.

शादाब बराच वेळ त्याच्याजवळ बसून राहिला. मग आपल्या दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून गेला.

मशीन असं उघडं ठेवणं बरं दिसत नाही म्हणून घनश्यामनं ती डिस्क परत आत बसवली आणि सवयीनं बटण दाबलं. रिकाम्या डिस्कवर मशीन चालू होत नाही. काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ येते, बस.

पण बारा सेकंदांत पडद्यावर पळसाच्या फुलांचा फोटो आला. विमलनं लावलेला. सहाशे बाराच्या सहाशे बारा रेकॉर्डिंग होती. त्यानं एक लावलं. तिचा आवाज आला. त्याला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं.

पण तो मेकॅनिक होता. रडून झाल्यावर त्यानं डिस्क काढली आणि दुकानातल्या दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. रिकामी. तपासणीत नुसते शून्यावर शून्य. परत विमलच्या मशीनला लावली. भरलेली. असं त्यानं तीनदा केलं. मग मशीन चालू असताना डिस्कवर हात ठेवला. बाहेर चव्वेचाळीस अंश होतं. डिस्क थंड होती, आणि तिच्यात काहीच फिरत नव्हतं.

त्यानं ते फक्त शादाबला दाखवलं. शादाबनं हात न लावता पाहिलं, दोन पावलं मागं झाला.

"भाऊ, रिकाम्या डब्यातून पीठ निघून राह्यलं तं निघू द्या," तो म्हणाला. "पण हात घालू नका."

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी यादीत सहाशे तेरा रेकॉर्डिंग होती. शेवटच्यावर त्याच दिवसाची तारीख. वेळ अकरा चाळीसची, आणि अकरा चाळीसला घनश्याम त्याच टेबलासमोर बसून एका गिऱ्हाइकाशी बोलत होता.

त्यानं ते लावलं.

"अर्जदाराचे नाव वामनराव," विमल वाचत होती, "वय बहात्तर, मुक्काम घाटंजी. विषय, घरी येण्याची परवानगी मिळण्याबाबत. अर्जदारास दुपारी तीन ते चार आपल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसण्याची सवय असून, सदर सवय मोडलेली नाही. तरी परवानगी मिळावी, ही विनंती. बरोबर आहे ना?"

कोणीतरी खोकललं. मग म्हणालं, "हो ताई."

वामनराव शाळेत क्लार्क होते, दोन गल्ल्या सोडून राहायचे. दिवाळीनंतर वारले. घनश्यामनं त्यांना खांदा दिला होता. त्यांचा तो खोकला अख्ख्या गल्लीला माहीत होता.

जुनं काही राहून गेलं असेल, तारखा बिघडल्या असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दोन दिवसांनी वामनरावांचा मुलगा अमर आपलं मशीन घेऊन दुकानात आला. मशीनचं बोलून झालं. तो जायला निघाला तेव्हा घनश्यामनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की बंगई अजून लावलेलीच आहे का.

अमर दारात थांबला. "काका, तुमाले कोणं सांगतलं?"

मग त्यानं सांगितलं. मंगळवारपासून बंगई तीन वाजता हलायला लागते आणि चारला थांबते. वारा नसतो, पंखा बंद असतो. कड्या तपासल्या, तेल घातलं, काही फरक नाही. आई समोर बसून तांदूळ निवडते आणि म्हणते, राहू दे.

"हलते तं हलू दे, त्याचं काही नाही," अमर म्हणाला. "पण चारले माणूस उतरल्यावर जसा झटका बसते ना बंगईले, तसा बसते."

घनश्यामनं त्याला काही सांगितलं नाही. मशीनची पावती मात्र दोनदा चुकली.

त्यानंतर रोज एक-दोन अर्ज येत राहिले. काही नावं ओळखीची, काही खेड्यापाड्यांतली. सुखीबाई नावाच्या एका म्हातारीला एकदा आपल्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायचा होता. विमलनं त्याचं ‘पशुधनाच्या पाहणीबाबत’ केलं होतं, आणि घनश्याम एकटाच हसला. ती तिथंही टेबल मांडून बसली होती तर. लोक तिथंही रांगेत उभे होते.

तिचा स्वतःचा अर्ज मात्र येत नव्हता.

तो रोज यादी पाहायचा. सहाशे वीस, सहाशे सत्तावीस. आपल्याला घरी यायचंय असं तिच्या मनात येतच नसेल का? का आपलंच मागं ठेवून सगळ्यांचं आधी करायचं, ही तिची जुनी खोड? जेवायलाही ती शेवटीच बसायची. आठ-नऊ महिने तो खानावळीचा डबा खात होता, आणि त्या डब्यातली पोळी तोंडात फिरायची.

सोमवारी त्यानं शादाबला सांगून ठेवलं की दुकानात कोणाला येऊ देऊ नको. विमलच्या खुर्चीवर बसला. माइक ओढून जवळ घेतला. अर्जाची भाषा त्याला येत नव्हती. तो त्याच्या भाषेत बोलला.

"विमल, घरी ये. एक डाव मले वाढ."

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला यादीत नवीन रेकॉर्डिंग आलं. त्याच्यावर त्याचं नाव होतं.

त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि ते लावलं.

"अर्जदाराचे नाव घनश्याम. वय चौपन्न. मुक्काम घाटंजी."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. घाई नाही, चढ-उतार नाही.

"विषय, अर्जदारास वाढवण्याबाबत."

घनश्यामनं रेकॉर्डिंग थांबवलं. मागं नेलं. पुन्हा ऐकलं.

जेवण वाढण्याबाबत नव्हे. अर्जदारास वाढवण्याबाबत.

दिवा वाढवतात, तसं.

या शब्दात तिचा घोटाळा कधी झाला नव्हता.

त्यानं पुढं लावलं.

"तरी अर्जदाराच्या विनंतीप्रमाणे व्हावे. बरोबर आहे ना?"

उत्तर आलं नाही.

रेकॉर्डिंगही संपलं नाही. वेळेचे आकडे पुढं सरकत राहिले. दोन मिनिटं. तीन. त्यानं आवाज मोठा केला. आत कोणीतरी बसलेलं असल्याची शांतता होती.

बाहेर रस्त्यावरून कपाशीच्या बियाण्याची जाहिरात करणारा ऑटो भोंगा वाजवत गेला.

तोच भोंगा स्पीकरमधूनही आला. त्याच क्षणी.

ती ऐकत होती, त्याच्या ‘हो’ची वाट पाहत.

घनश्यामनं तोंड उघडलं. मग तळहात तोंडावर दाबला आणि तसाच उठला. मशीन बंद केलं नाही. शटर पूर्ण ओढलं, कुलूप लावलं.

"काय भाऊ," शादाब शेजारून म्हणाला, "आज दुपारीच दुकान वाढवलं?"

घनश्यामनं त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडावरचा हात न काढता चालायला लागला.

घर दहा मिनिटांवर. उन्हात रस्त्यावर कोणी नव्हतं. दाराला त्यानंच लावलेलं कुलूप तसंच होतं. ते काढून आत गेला तेव्हा घरात भाकरीचा वास होता.

स्वयंपाकघरात पाट मांडलेला होता. पुढं ताट. ज्वारीची भाकर, वरण, ठेचा, कांदा फोडलेला. भाकर अजून फुगलेली होती आणि तिच्यावर बोटांचे ठसे होते. शेगडी गार होती.

त्यानं तोंडावरचा हात काढला.

भूक अशी त्याला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. तो बसायला वाकला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ताट-पाट असं मांडलंय की बसणाऱ्याचं तोंड दक्षिणेला होईल. जिवंत माणसाला कोणी तसं जेवायला बसवत नाही.

त्यानं ताट उचललं, पाट पूर्वेकडे फिरवला, ताट पुन्हा समोर ठेवलं. मोरीत जाऊन हातपाय धुतले. चूळ भरली. टॉवेलनं हात पुसत परत आला.

पाट पुन्हा दक्षिणेकडे फिरलेला होता. ताटात आता दुसरी भाकर वाढलेली होती, आणि पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता.

टॉवेल खुंटीला लावून घनश्याम पाटावर बसला. या वेळी त्यानं पाट फिरवला नाही.