साल्मेच्या आईची गाणी

विल्यांदी शहरातल्या लोकगीत-संग्रहालयात साल्मे आजी हेडफोन चढवून बसली होती. वारलेल्या आईचा इथे जपलेला आवाज ऐकायला ती खेड्यातून बसने आली होती. तंत्रज्ञ केर्टने बटण दाबलं. आवाज नाही. पडद्यावर एकच ओळ: फाइल सापडत नाही.

"सर्व्हरची साफसफाई तूच केलीस ना?" संचालक ऊर्मास कडाडले. "संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं कर."

विश्वस्तांनी संगणकातली जाणकार मारिका हिला बोलावलं. ती आली आणि कोट न काढताच सर्व्हरवर आज्ञा टाइप करू लागली.

"फोल्डर तर दिसतंय," केर्ट म्हणाला.

"फोल्डर नाही रे, लिंक आहे. गाणी दुसरीकडे हलवली आणि जागेवर नुसती पाटी ठोकली. पाटी उभी, गाव उठलेलं."

"आणि बॅकअप?"

"त्यानेही रोज इमानदारीत पाटीच उतरवून घेतली. जुन्या प्रती कधीच पुसल्या गेल्या."

"लिंक कोणाच्या नावावर?" ऊर्मासनी विचारलं.

"सामायिक खात्याच्या. त्याचा पासवर्ड?"

"कॉफीच्या यंत्रावर चिकटवलाय," केर्ट पुटपुटला.

"अरे वा! आणि साहेब, तुमच्या खात्याचा?"

"तो फक्त मला ठाऊक," ऊर्मास ताठ्यात म्हणाले.

मारिकाने आणखी एक आज्ञा दिली आणि लिंक जिथे नेते ती वाट मोठ्याने वाचली: "मीडिया, ऊर्मास, लाल, गाणी."

ती ऊर्मासकडे वळली.

"डिस्क जोडली की हा सर्व्हर जोडणाऱ्याच्या नावाने फोल्डर आपणहून बनवतो. साहेब, तुम्ही स्वतःच्या खात्यातून इथे लाल डिस्क जोडलीत. गाणी तिच्यावर हलवलीत. मग सामायिक खात्यातून लिंक ठोकलीत, नाव येऊ नये म्हणून. पण वाटेत ते आलंच. डिस्क होती तोवर गाणी वाजली. तुम्ही ती काढून नेलीत, आणि बोट केर्टकडे."

"माझं पुस्तक निघेपर्यंत ही गाणी दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नयेत, एवढंच..."

"डिस्क कुठे आहे?"

"घरी. मुलीने पुसून सहलीचे फोटो भरले. मला वाटलं, बॅकअप असेलच."

"मूळ ध्वनिफिती?"

"बुरशी लागली होती. टाकल्या."

"टेबल कोणाचं रिकामं व्हायचं, ते विश्वस्त बघतील," मारिका म्हणाली.

साल्मे उठली. "साहेब, आईवर पुस्तक लिहिताय ना? एक गाणं तरी म्हणा."

ऊर्मासनी सगळे शब्द बिनचूक सांगितले. चाल आठवेना.

"शब्द मलाही येतात हो," साल्मे म्हणाली, आणि तिने केर्टला परतीच्या बसची वेळ विचारली.